बर्फातलं पाऊल आणि रतनमहालचं अस्वल

गेल्या अंकात एका मुलाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की हिममानवाचं, म्हणजे हिमालयातल्या यतीचं, एकही हाड आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. त्यातली चार आज घेते. पहिल्याला जागा जास्त देणार आहे, कारण ते वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही.

प्रश्न : बाई, माझा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये सिक्कीमला ट्रेकला गेला होता. जोंगरीच्या वर पहाटे तंबूतून बाहेर आला, तर बर्फात पावलांची रांग. एकेक पाऊल त्याच्या बुटाहून मोठं, बोटं उमटलेली. बरोबरचा पोर्टर पावलं बघून गप्पच झाला, मग एवढंच म्हणाला की याबद्दल इथे बोलू नका. भावाने दोन फोटो काढले. घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि तेव्हापासून त्याची पाठ सोडत नाहीत लोक. नातेवाइकांच्या ग्रुपवर माकडांची चित्रं येतात, काका त्याला ‘या हिममानव’ म्हणूनच हाक मारतात. आता तो त्या ट्रेकचं नावही काढत नाही. फोटो सोबत पाठवते आहे. ते यतीचं पाऊल आहे का?
— एक ताई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, आधी काकांना माझा निरोप द्या. त्या मुलाने पाऊल पाहिलं, थांबला, फोटो काढला आणि घरी येऊन जसं दिसलं तसं सांगितलं. पस्तीस वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून एवढंच करून घ्यायला मला सहा महिने लागत. ‘यती पाहिला’ असं तो कुठेही म्हणालेला नाही. पाऊल पाहिलं म्हणतो, आणि ते त्याने पाहिलेलंच आहे. यात हसण्यासारखं काय आहे?

मी स्वतः एकदा त्याच्या जागी उभी होते, म्हणून हे इतकं लागलं. १९९४ चा एप्रिल. विद्यार्थ्यांना घेऊन दाहोद जिल्ह्यातल्या रतनमहालला गेले होते. अस्वलांसाठी १९८२ मध्ये राखलेलं हे अभयारण्य बडोद्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं, तरी आपल्यातले फार थोडे तिथे जातात. मोहाची फुलं गळायचा हंगाम होता. कंजेट्याच्या बाजूला, दिवस मावळता मावळता, ओढ्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली एक माणूस उभा दिसला. घोंगडी पांघरलेला, खांदे उतरते, मान जराशी पुढे. एक हात झाडाच्या बुंध्यावर. मी माझ्या मुलांना म्हणाले, फुलं वेचायला आलेत कुणी, मध्ये जाऊ नका. आमच्याबरोबर गावातले एक राठवा भाई होते. त्यांनी माझी बाही धरली आणि कुजबुजले, “बेन, ए तो रींछ छे.”

ते अस्वल आहे हे कळल्यावरही माझ्या डोळ्यांना माणूसच दिसत होता. मग त्याने पुढचे पाय खाली टेकले आणि माणूस नाहीसा झाला. तेवढ्यात चार-पाच श्वास गेले असतील. राठवा भाई बरोबर नसते आणि ते अस्वल झाडामागून तसंच उभ्याने निघून गेलं असतं, तर आजही मी देवाशपथ सांगितलं असतं की तिथे माणूस होता. प्राणिशास्त्राची पदवी त्या वेळी माझ्या उपयोगी पडली नाही. ज्यांच्या घरासमोर अस्वल येतं त्यांची नजर उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या चिखलात त्याची पावलं बघितली. अस्वल आपल्यासारखं टाच टेकून चालतं, म्हणून मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाचा वाटतो. टाच, तळवा, पाच बोटं. फरक दोन ठिकाणी शोधायचा. आपला अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचं सगळ्यात मोठं बोट बाहेरच्या बाजूला. आणि बोटांच्या पुढे नखांचे टोचे दिसतात. पुढच्या पायाची नखं तर बोटभर लांब. पण चिखल घट्ट असला किंवा बर्फ भुसभुशीत असला की टोचे उमटत नाहीत. शिवाय चालताना अस्वलाचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. दोन ठसे मिळून एक लांबच लांब पाऊल होतं, आणि असा प्राणी दोनच पायांवर चालत गेला असं वाटतं.

बर्फात यावर आणखी एक गोष्ट घडते. ऊन लागलं की ठशाच्या कडा आधी वितळतात. पाऊल रुंदावतं, बोटं फाकतात, संध्याकाळी पुन्हा गोठतं. दोन दिवसांनी तेच पाऊल दीडपट झालेलं असतं. कोल्ह्याने उड्या मारत जाताना चारही पाय जवळजवळ टाकले असले, तर त्यांचा मिळूनही एकच मोठा खळगा होतो.

आता भावाचे फोटो. पहिल्यात शेजारी काहीच ठेवलेलं नाही, त्यामुळे पाऊल वीतभर की हातभर ते कळायला मार्ग नाही. दुसऱ्यात कडेला हातमोजा आलाय, तो फार मोलाचा आहे. त्याच्या मापाने ठसा हातमोज्याच्या साधारण दीडपट दिसतो, आणि पुढचे तीन ठसेही चौकटीत आहेत म्हणून डावा-उजवा पाय लावता येतो. त्या दोन्ही पायांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला आहे. माझा कौल हिमालयातल्या काळ्या अस्वलाकडे आहे. भावाला म्हणावं, मूळ फोटो जपून ठेव, तारीख-वेळेसकट. ग्रुपवरून फिरलेल्या फोटोत बारकावे उरत नाहीत.

आणि त्याला हेही सांगा की ज्या मुलखात तो उभा होता तिथे त्याच्या आधीही नावाजलेले लोक असेच थबकलेत. १९२५ मध्ये एन. ए. तोंबाझी नावाच्या छायाचित्रकाराने सिक्कीममध्येच झेमू हिमनदीजवळ दोनशे-तीनशे यार्डांवरून एक आकृती पाहिली. माणसासारखी ताठ, मधूनच वाकून झुडपं ओढणारी. मिनिटभरात दिसेनाशी झाली. त्याच्याही चार वर्षं आधी, १९२१ मध्ये, एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणी मोहिमेचे नेते हॉवर्ड-बरी यांना ल्हाक्पा ला या खिंडीत मोठे ठसे दिसले. त्यांनी स्वतः ते लांडग्याचे असावेत असं लिहिलं. हमालांनी मात्र वेगळं नाव घेतलं, ते कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’साठी लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांच्या कानावर गेलं, त्यांनी त्याचं इंग्रजी करताना ‘किळसवाणा हिममानव’ असा अर्थ लावला आणि जगभर तेच नाव झालं. शेर्पांच्या बोलीत इतका गोंधळ नाही. गुरं मारणारा ‘झुते’ वेगळा, माणसासारखा ‘मेते’ वेगळा, असे ते भेद करतात. आणि झुते म्हणजे तपकिरी अस्वल हे बहुतेक जाणकारांना मान्य आहे. आपण त्यांच्या चार शब्दांची एक मोळी बांधली आणि मग त्यांनाच अंधश्रद्ध म्हणू लागलो. मला याचा राग येतो.

सगळ्यात गाजलेलं पाऊल ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांना दिसलेलं, १९५१ चं, मेनलुंग हिमनदीवरचं. त्यांनी शेजारी बर्फात चढताना वापरायची कुऱ्हाड ठेवून फोटो काढला, म्हणून आज सत्तर वर्षांनीही त्यावर बोलता येतं. पाऊल साधारण तेरा इंच लांब भरतं. १९६० मध्ये एडमंड हिलरी खास शोध घ्यायला गेले. नेपाळातल्या खुमजुंग गावच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, यतीचं म्हणून जपलेलं टाळूचं कातडं त्यांनी गावाकडून मागून घेतलं. गावाने ते नुसतं हाती दिलं नाही, आपला माणूस बरोबर पाठवला. खुंजो चुंबी ते घेऊन शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत गेले. तपासणीत ते सेरो नावाच्या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्याचं, साच्यावर ताणून घडवलेलं निघालं. पुढच्याच वर्षी खुमजुंगला हिलरींनी शाळा बांधली, ती आजही चालते.

मग २०१७. जीवशास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने घेतले. केस, हाड, दात, कातडं, विष्ठा. त्यांचा डीएनए तपासला. आठ अस्वलांचे निघाले, नववा कुत्र्याचा. ही बातमी बहुतेक ठिकाणी ‘यती नाही’ एवढ्यावर संपली. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच नमुन्यांमुळे हिमालयातलं तपकिरी अस्वल इतर तपकिरी अस्वलांपासून फार पूर्वी वेगळं झालं हे कळायला मदत झाली. हे अस्वल आता धोक्यात आहे. यतीच्या मागे गेलेल्या लोकांनी मठामठांतून जे गोळा केलं, ते शेवटी त्याच्या कामी आलं.

पोर्टर गप्प झाला त्याबद्दल मात्र मी काही म्हणणार नाही. ते त्याचे डोंगर. भावाने त्याचं ऐकून तिथे वाद घातला नाही, हे मला आवडलं.

प्रश्न : मी मुलीकडे सहा महिने अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहून परत आले. तिथे रस्त्याकडेला ‘बिगफूट’चे लाकडी पुतळे, दुकानांवर त्याची चित्रं. आठ वर्षांची नात मला विचारायची, आजी, खरंच असतो का गं? मी म्हटलं बडोद्याला जाऊन विचारून सांगते. काय सांगू?
— एक आजी, बाबाजीपुरा, बडोदे

उत्तर : आजी, नातीला गोष्ट खरीच सांगा, ती रंगतदार आहेच. त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या कथांत रानातला केसाळ माणूस फार जुना आहे. ‘सॅस्क्वॉच’ हे नाव त्यांच्याच एका भाषेवरून आलं. ‘बिगफूट’ हे नाव मात्र १९५८ चं. कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक इथे जंगलातून रस्ता काढायचं काम चाललं होतं. जेरी क्रू नावाच्या बुलडोझर चालवणाऱ्या गड्याला यंत्राभोवती सोळा इंची पावलं दिसली. त्याने प्लास्टरचा साचा घेतला, वर्तमानपत्रात फोटो आला आणि नाव जगभर झालं. २००२ मध्ये त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी लाकडात कोरलेली मोठी पावलं काढून दाखवली.

त्याच ब्लफ क्रीकला २० ऑक्टोबर १९६७ ला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिम्लिन यांनी मिनिटभराची फिल्म घेतली. एक केसाळ आकृती चालत जाते आणि मागे वळून बघते. ती मी अनेकदा पाहिली आहे. मला त्यात वेषातला माणूस दिसतो. पण सहा दशकं झाली, त्या चालीवर माणसं अजून मान मोडून चर्चा करतात.

नातीला एक गोष्ट मात्र नक्की सांगा, कारण ती तिच्याच राज्यातली आहे. वॉशिंग्टनमधल्या स्कामेनिया काउंटीने १९६९ मध्ये रीतसर ठराव केला की सॅस्क्वॉचला मारणं हा गुन्हा आहे. दहा हजार डॉलर दंड, पाच वर्षं कैद. बंदुका घेऊन हिंडणारे हौशी लोक एखाद्या केसाळ कोट घातलेल्या माणसालाच गोळी घालतील, ही भीती त्यामागे होती. आणि तिला विचारा, तुमच्याकडे काळी अस्वलं कुठे जास्त आहेत? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जिथे ती जास्त, तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदीही जास्त.

प्रश्न : २००१ च्या मे महिन्यात मी नोकरीनिमित्त पूर्व दिल्लीत होतो. रात्री माणसांवर हल्ले करणारा ‘काळा बंदर’ आला अशी आवई उठली म्हणून आम्ही गच्चीवर काठ्या घेऊन रात्री काढल्या. मी त्याला समोरच्या गच्चीवरून उडी मारताना पाहिलं आहे. माझी बायकोसुद्धा हे मानत नाही.
— एक निवृत्त कारकून, रावपुरा, बडोदे

उत्तर : काका, तुम्ही कुणाला तरी उडी मारताना पाहिलं असणार. त्या रात्री किती माणसं गच्च्यांवरून उड्या मारत होती! उन्हाळा, वीज गेलेली, सगळी वस्ती गच्चीवर झोपलेली आणि एकाने ‘आला’ म्हटलं की सगळे उठून पळत. त्या पळापळीत खाली पडून माणसं दगावली, हे त्या प्रकरणातलं सगळ्यात दुःखद. पोलिसांकडे आलेली वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती. कुणाला लोखंडी नखं दिसली, कुणाला डोक्यावर हेल्मेट, कुणाला लाल डोळे. जखमा बहुतेक ओरखड्यांएवढ्या. तज्ज्ञांनी तपास केला आणि असा कुठला प्राणी नाही असाच निष्कर्ष निघाला. तुमची भीती खरी होती, काठी धरून जागलेल्या रात्रीही खऱ्या. वहिनींना त्या रात्रींबद्दल सांगा. बंदर होता की नव्हता हा वाद त्यात आणू नका, मग त्या ऐकतील.

प्रश्न : मी आठवीत आहे. जायगँटोपिथेकस नावाचं दहा फुटी माकड खरंच होतं. मग तेच हिमालयात लपून राहिलं असेल तर? नवीन प्राणी अजून सापडतात ना?
— एक विद्यार्थी, वाडी, बडोदे

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि तुझी अर्धी बाजू पक्की आहे. जायगँटोपिथेकस होताच. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात त्याची दाढ मिळाली. चिनी वैद्यकात जुने दात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून उगाळून देतात, त्या ढिगात ती होती. नंतर दक्षिण चीनच्या गुहांतून त्याचे सुमारे दोन हजार दात आणि चार जबडे मिळाले. बाकीचं शरीर नाही. म्हणून दहा फूट हा आकडा दातांवरून काढलेला अंदाज आहे, तो पाटीवर कोरू नकोस. तो ओरांगउटानच्या घराण्यातला, आणि दोन लाख वर्षांपूर्वीच संपलेला.

नवीन प्राणी सापडतात हेही खरं. अरुणाचलमध्ये डोंगरात राहणारं एक नवं माकड २००५ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आलं. स्थानिक मोनपा लोक त्याला पूर्वीपासून ओळखत होते, त्यांच्या बोलीतल्या ‘मुन झाला’वरून, म्हणजे दाट रानातलं माकड, त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. सोनेरी वानराचंही तसंच, त्याला शास्त्रीय नाव १९५६ मध्ये मिळालं. पण ते कसे सापडले बघ. टोळ्याच्या टोळ्या दिसल्या, स्पष्ट फोटो मिळाले, पुढे मेलेल्यांचे अवशेष मिळाले. एकटा प्राणी शेकडो वर्षं जगत नाही. आई-बाप, पिल्लं, म्हातारे असे निदान शेकड्यांनी असावे लागतात, आणि त्यातले दरवर्षी काही मरतात. साळिंदरं हाडं कुरतडतात, मातीही हाडं खाते, हे मान्य. तरी एखादी कवटी, एखादा दात?

आता एक काम कर. सुट्टीच्या दिवशी कमाटीबागेत जा, पण झू नंतर. आधी म्युझियम. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. १९४४ मध्ये तो देवमासा मही नदीच्या मुखाकडे वाहून आला होता. भर समुद्रात राहणारा, माणसाला क्वचित दिसणारा प्राणी, आणि त्याची हाडं आपल्या बडोद्यात येऊन पोचली. त्याच्या जबड्याशी उभा राहा आणि शेपटीपर्यंत पावलं मोजत जा. मग झूमध्ये जाऊन अस्वल असेल तर त्याचा मागचा पाय बघ, मोठं बोट कुठल्या बाजूला आहे ते वहीत काढ. आपल्या पायाचं चित्र शेजारी काढ. दोन्ही चित्रं मला पाठव, पुढच्या अंकात छापते.